फोडणीबंदीचा रविवार

बनशंकरीतल्या एका वाइनच्या दुकानात मी एकदा एका अनोळखी वयस्कर गृहस्थांना सिराह आणि शिराझ या दोन द्राक्षांमधला फरक समजावून सांगितला. चांगला सविस्तर सांगितला. असा काही फरक नसतो, ती एकाच द्राक्षाची दोन नावं आहेत, एवढी एक गोष्ट सोडली तर माझ्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून, दोन हातांत दोन बाटल्या धरून ते लेबलं वाचत उभे होते. पुण्याहून बंगळूरला येऊन मला तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि आदल्याच आठवड्यात ऑफिसच्या पार्टीत कोणीतरी वाइनबद्दल बोलत असताना मी शेजारी उभा होतो. एवढ्या पात्रतेवर मी पुढे झालो.

“अंकल, ये दोनों अलग अंगूर हैं,” मी म्हणालो. “सिराह सॉफ्ट होता है, शिराझ स्ट्राँग. जैसे आम में पायरी और हापूस.”

त्यांनी मान किंचित कलती करून सगळं ऐकून घेतलं. मग स्वच्छ मराठीत म्हणाले, “असं होय?”

मी चमकलो. ते म्हणाले, “मघाशी तुम्ही फोनवर घरी सांगत होता की, कोथिंबीर विसरलो नाही म्हणून. तेव्हाच कळलं, आपलेच आहेत. रविवारी अकराला घरी या. मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघं बरीच वर्षं हेच पितोय, पण शिकवणारं कोणी भेटलं नाही.”

त्यांनी बसवनगुडीतला पत्ता सांगितला. मी घरी येऊन ही गोष्ट मोठ्या अभिमानाने मेधाला सांगितली. मेधा म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, “तू शिकवणार? परवा तुला सोलकढी आणि बिटाचा रस यातला फरक कळला नव्हता.”

“रंग सारखा होता.”

“चव?”

मी विषय बदलला.

रविवारी ऑटोत बसल्यावर, जरा तयारी असावी म्हणून मी मोबाइलवर वाचायला लागलो, आणि तिसऱ्याच ओळीत माझा घात झाला. सिराह तेच शिराझ. फ्रान्सवाले एक म्हणतात, ऑस्ट्रेलियावाले दुसरं म्हणतात. मी ऑटोवाल्याला म्हटलं, “वापस चलो.” तो म्हणाला, “वनवे, सार.” आणि मला थेट बसवनगुडीत नेऊन सोडलं. त्या ऑटोवाल्याचे उपकार मी आजही मानतो. तो वळला असता तर अण्णा माझ्या आयुष्यात आलेच नसते.

फाटकातच ते उभे होते. “बन्नी, बन्नी, मास्तर!” या, या. गच्चीवर टेबल मांडलेलं होतं, दोन ग्लास भरलेले होते, आणि शेजारच्या खुर्चीवर एक गोल चेहऱ्याचे गृहस्थ शाळेतल्या मुलासारखे हात बांधून बसले होते. ते नंजुंडप्पा, अण्णांचे शेजारी. बँकेतून निवृत्त झालेले, आणि जुन्या स्कूटर खोलून पुन्हा जोडायचा नाद असलेले. मराठी सगळी समजायची, बोलायचे मात्र स्वल्पच.

अण्णा म्हणाले, “सांगा मास्तर. यातला पायरी कुठला, हापूस कुठला?”

मी म्हणालो, “दोन्ही एकच द्राक्ष आहे, अण्णा.”

“कधी कळलं?”

“ऑटोत.”

ते इतके हसले की त्यांना खुर्चीच्या पाठीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसत म्हणाले, “सरी, ठीक आहे. दुकानातच सांगणार होतो मी. पण तुम्ही इतक्या प्रेमाने सांगत होता, म्हटलं मध्ये कशाला बोला.” त्या दिवसापासून मी मास्तर. पुढे त्यांना माझं खरं नाव आठवत होतं की नाही, याची मला शंका आहे.

अण्णांचं नाव रघुनाथराव चव्हाण. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. कुठून, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. “साताऱ्याकडून म्हणतात. विचारायला कोण गेलंय?” घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची भेसळ. सिराह आणि शिराझचं कोडं त्यांनी मला त्याच भाषेत सोडवून दिलं. “एकच द्राक्ष आहे हो. ज्या गावाला गेलं तिथलं बोलायला लागलं. आमच्यासारखंच.”

उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. आणि नाक. अण्णांचं नाक त्यांच्या आधी खोलीत यायचं. त्या नाकावर त्यांनी आयुष्यभर पोट भरलं होतं, हे मात्र मला उशिरा कळलं. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनत, तिथे ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. झाकणाच्या आत जी पातळ चकती असते, तिला वास येता कामा नये. प्लॅस्टिकचा नाही, रबराचा नाही, गोंदाचा नाही. रोज सकाळी चकत्या हुंगायच्या आणि वास आला की सगळा लॉट परत पाठवायचा. “वास नसण्याचा पगार घेतला मी इतकी वर्षं,” ते म्हणायचे. “आता म्हटलं, वास असण्याची मजा घेऊ.”

निवृत्तीनंतर कारखान्याच्या करड्या पँटी शिल्लक राहिल्या. त्यांचं काय करायचं, तर अक्कांनी त्यांचे पाय गुडघ्यापासून कापले, शिवणयंत्रावर एका बाजूने शिवले, दुसऱ्या बाजूला इलॅस्टिक घातलं, आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं बटण लावलं. या पिशव्यांत बाटल्या घालून ठेवायच्या, म्हणजे लेबल दिसत नाही. लाल बटणाची कुठली, हिरव्याची कुठली, हे शेवटी उघडायचं. कारखान्यातली माणसं टेबलावर ओळीने उलटी उभी आहेत आणि त्यांचे फक्त पाय वर दिसतायत, असा तो देखावा असे. मेधा पहिल्यांदा आली तेव्हा जिन्यातच थबकली होती.

अक्का म्हणजे तुंगाक्का, अण्णांच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान लवकर गेले, अण्णांच्या पत्नीही गेल्या, मग भाऊ-बहीण वरच्या मजल्यावर एकत्र राहू लागले. अक्का दारूच्या थेंबालाही शिवायच्या नाहीत. अण्णांच्या या उद्योगाला त्या “रघूचं शाळकरीपण” म्हणायच्या. पण रिकाम्या ग्लासांना राख लावून असं लख्ख घासायच्या की बाजारातला साबण लाजावा.

अण्णांचे नियम होते. कुठेही लिहिलेले नव्हते, पण कोणी मोडायचं नाही. बाटली परवडणारी हवी. परवडणारी म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या होती: “जिच्यासाठी घरात खोटं बोलावं लागत नाही ती.” दुसरा नियम मला फार जड गेला. “जे फळ आपल्या हाताने खाल्लं नाही त्याचं नाव घ्यायचं नाही.”

मी तोवर मोबाइलवरून बरंच पाठ केलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी ग्लास गोल फिरवत मी म्हणालो, “ब्लॅकबेरी. थोडा कॅसिस.”

“खाल्लंय?”

“काय?”

“ब्लॅकबेरी. कुठे खाल्लंत? झाडावर होतं की टोपलीत? हाताला रंग लागला?”

मी म्हटलं, “नाही खाल्लं.”

“मग ते कसं आलं तुमच्या नाकात? बेडा, नको ते. तुमचं स्वतःचं काढा काहीतरी.”

मी पुन्हा वास घेतला. मग लाजत म्हणालो, “जांभूळ. म्हणजे, जांभळं खाऊन शाळेच्या शर्टाला हात पुसल्यावर जो वास यायचा, तो.”

अण्णांनी टेबलावर हात आपटला. “बघ नंजुंडप्पा! मास्तर शाळेत जाऊ लागले!”

नंजुंडप्पांना या नियमाचा त्रास नव्हता. त्यांना सगळ्या जगाचा वास गॅरेजसारखाच यायचा. एकदा निळ्या बटणाचा घोट घेऊन ते म्हणाले, “टायर. होस टायर.” नवं टायर. मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी हुंगलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “दक्षिण आफ्रिका.” पिशवी उतरवली तर खरंच तिकडची. तिकडच्या स्वस्त शिराझमध्ये कधीकधी असा रबराचा वास मिळतो म्हणे. “झाकणाला आला असता तर मी लॉट परत पाठवला असता,” अण्णा म्हणाले आणि ग्लास संपवला.

मी मनातून नाशिकचा. पुण्याचा माणूस, त्यामुळे नाशिकची बाटली लाल बटणाच्या पिशवीत असो की पिवळ्या, ती जिंकावी असं मला वाटायचं. पण पिशव्या चढवलेल्या असल्या की माझं मत दर वेळी इथल्याच, बंगळूरजवळच्या नंदीच्या डोंगराकडच्या बाटलीला जायचं. पिशवी उतरली की मी हळहळायचो. अण्णा खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “असू दे हो. जीभ बदलीवर आली तुमच्या आधी. तुम्ही याल मागाहून.”

हे त्यांनी गमतीने म्हटलेलं वाक्य माझ्या फार कामाला आलं. त्या वर्षी आम्ही दोघंही मनाने पुण्यातच होतो. पोस्टाचा पत्ता बदलला होता, एवढंच. इथला पाऊस, इथली इडली, इथली माणसं, सगळ्यांना आम्ही तिकडची मापं लावायचो आणि मग ती कमी भरली म्हणून कुरकुरायचो. अण्णांच्या गच्चीवर मला तुलना कशी करायची ते कळलं. दोन ग्लास शेजारी ठेवायचे ते एकाला पाडायला नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उन्हातली पिकून गोड झालेली, जांभळाच्या मुरंब्यासारखी. फ्रान्सच्या दक्षिणेकडची कोरडी, जरा रागीट. चिलीची मोकळीढाकळी. नंदीची हलकी, जेवणाबरोबर निमूट बसणारी. “चांगली कुठली?” मी सुरुवातीला विचारायचो. अण्णा म्हणायचे, “चांगली कुठली हे शेवटी विचारा. आधी, कोण आहे ते विचारा.”

एकदा माझ्या साहेबांनी मला परदेशातून एक भारी बाटली आणून दिली. मी ती मुद्दाम अण्णांकडे नेली. मला वाटलं, करड्या पिशवीत घालून तिची फजिती करू, स्वस्तवाल्यांचा विजय होईल, आणि सोमवारी मनातल्या मनात हसायला एक विषय मिळेल. तीच पहिली आली. एकमताने आली. मी हिरमुसलो. अण्णा खूश. “महाग आहे आणि चांगली आहे. यात वाईट काय वाटायचं? तुमच्या साहेबांना थँक्यू सांगा. आणि आता तिला विसरा.” पुढच्या रविवारी पुन्हा आमच्या ऐपतीतल्या बाटल्या त्याच उत्साहाने उलट्या उभ्या.

या सगळ्यांवर एक मोठा नियम होता, फोडणीबंदी. अकरा ते साडेबारा त्या घरात गॅस पेटायचा नाही. अण्णांची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असे, आणि ती खिडकी त्या वेळात आतून कडी लावून बंद. चव घेताना जिऱ्याचा, मिरीचा किंवा हिंगाचा वास आला तर सगळा खेळ बिघडतो. खास करून मिरीचा. कारण शिराझमध्ये मिरी शोधणं हा अण्णांचा जीव की प्राण होता. थंड गावच्या द्राक्षात मिरी जास्त, उन्हाळी गावच्यात कमी किंवा नाहीच. “मिरी सापडली की गावाचं हवामान सापडलं,” ते म्हणायचे.

अक्का आत घड्याळाकडे बघत बसून राहायच्या. “रघू, साराला उशीर होतोय रे.”

“स्वल्प थांब, अक्का. एकच पिशवी राहिली.”

“मघाशीही एकच राहिली होती.”

साडेबाराला कडी निघायची, गॅस पेटायचा, आणि मग अक्कांच्या हातचं मिरीचं सार आणि गरम भात. त्या साराबद्दल मी वेगळं लिहायला हवं. मेधा ते शिकायला म्हणून दर रविवारी यायला लागली आणि आम्हा दोघांचं ते माहेर झालं.

ही बंदी अण्णांच्या हयातीत एकदाच उठली, काही महिन्यांपुरती.

त्यांना ताप आला. साधा वाटला, आठवडाभर रेंगाळला, उतरला. उतरल्यावर सकाळी त्यांनी कॉफी घेतली आणि अक्कांना म्हणाले, “नुसतं गरम पाणी का दिलंस?” अक्कांनी स्वतः पिऊन बघितली. कॉफी नेहमीसारखीच होती.

नाक गेलं होतं. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढं कळायचं. वास म्हणून काही नाही. डॉक्टर म्हणाले, परत येतं पुष्कळदा, कधी येत नाही, वाट बघा. अण्णांनी ते आम्हाला कारखान्याचा अहवाल वाचून दाखवावा तसं सांगितलं. मग त्यांनी टेबलावरच्या करड्या पिशव्यांची घडी घातली, एकीत एक बसवल्या, आणि आत हाक मारली.

“अक्का, खिडकी उघड. कर तुला काय करायचंय ते. आता बंदी नाही.”

अक्का लगेच गॅस पेटवतील असं मला वाटलं होतं. आज ना उद्या ही बंदी मोडायचा त्यांचा विचार मी इतक्यांदा ऐकला होता. पण कडी काढल्याचा आवाज आला नाही.

नंजुंडप्पा म्हणाले, “रविवार बंद माडबेडा, रघू.” बंद करू नकोस.

“मग काय करू? कोणाच्या नाकाने?”

आणि मी बोलून गेलो, “माझ्या.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मलाही बघवत नव्हतं माझ्याकडे. हापूस-पायरीवाला माणूस बोम्मसंद्राच्या तपासणी प्रमुखाला नाक उसनं देऊ करतोय! पण शब्द तोंडातून गेला होता.

“मी वास घेतो आणि सांगतो. तुम्ही ओळखा.”

त्यांनी एक पिशवी पुन्हा उलगडली. “एक अट, मास्तर. नसलेला वास सांगायचा नाही. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही. तपासणीत एकदा लाज बाळगली की संपलं.”

“कबूल.”

तेव्हापासून रविवार सुरू राहिले, पण वेगळे. मी ग्लासात नाक घालून बोलायचो, अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि उलटतपासणी घ्यायचे. “मिरी आहे म्हणता, कुठली? ताजी कुटलेली की डब्यात राहिलेली? आधी आली की गिळल्यावर?” मी आयुष्यात कशाकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. ओली पाटी, मुरलेला गूळ, पावसात भिजलेलं गोणपाट, माझ्या नाकात इतकं काही साठून होतं हे मला माहीतच नव्हतं. एकदा मी म्हणालो, “लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडल्यावर येतो तसा, खारट. मागून मिरी.” त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. “दक्षिण फ्रान्स.” पिशवी उतरवली. बरोबर!

आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णाही हसले. मग हळूच म्हणाले, “उत्तर आलं हो. पण हे म्हणजे लग्नाचा व्हिडिओ बघितल्यासारखं झालं, मास्तर. जेवण नाही.”

त्यांना रविवार नको होता. त्यांना नाक परत हवं होतं, आणि ते येत नव्हतं. आवाजही बारीक झाला होता त्यांचा. पेन खिशाला नसायचं.

अक्कांची खिडकी मात्र पुढे उघडी राहू लागली. एके रविवारी तिथून कॉफीच्या बिया भाजल्याचा खमंग वास आला, एकदा हिंगाचा आला, एकदा सुक्या खोबऱ्याचा. माझ्या कामात फार व्यत्यय यायचा. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या बंदीचं उट्टं काढतायत अक्का. पण त्यांच्याकडे तक्रार कोण करणार? मी आणि नंजुंडप्पांनी खुर्च्या उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, कठड्याशी नेल्या. तिथे वारा उलटा होता. अण्णा आपल्या जुन्या जागी, खिडकीखालीच बसून राहिले. त्यांना काय फरक पडत होता?

अशाच एका रविवारी शेजारच्या बांधकामावर फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं. मेधा आत अक्कांजवळ होती. हिरव्या बटणाची पिशवी निघाली. आम्ही तिघांनी आपापला ग्लास भरून घेतला. मी कठड्याशी बसून हुंगलं. पिकलेलं जांभूळ, गूळ, जरासं कोकोसारखं काही. मी तोंड उघडणार, एवढ्यात अण्णांची मान वळली.

“मास्तर.”

मशीनच्या आवाजात पुढचं ऐकू येईना. मी नाक ग्लासात ठेवूनच उठून जवळ गेलो.

“मिरी,” अण्णा म्हणाले. अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तर उडून जाईल. “मास्तर, मिरी येतेय.”

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. मी घाईघाईने कठड्याशी परत गेलो, नाक पुन्हा ग्लासात खुपसलं. जांभूळ. गूळ. कोको. ग्लास फिरवला, हाताने झाकून हलवला, पुन्हा हुंगला. मला मिरी इतकी हवी होती की दिसायला लागली, पण वास काही आला नाही.

मी नंजुंडप्पांकडे बघितलं. त्यांनी हुंगलं, आणि जमिनीकडे बघत मान हलवली. “इल्ला.” नाही.

हो म्हणणं किती सोपं होतं! पण आमची अट झाली होती.

“नाही अण्णा,” मी म्हणालो. “मला नाही येत. यात मिरी नाहीये.”

“बघा पुन्हा.”

“बघितलं. नाही.”

“सरी,” ते म्हणाले. पिशवी त्यांनी स्वतः उतरवली. ऑस्ट्रेलिया, चांगला रणरणता भाग. मिरी असायचं कारणच नव्हतं. “मन खेळतं कधीकधी,” म्हणाले. ग्लास टेबलावर ठेवला आणि जरा पडतो म्हणून आतल्या खोलीत गेले.

अक्का आणि मेधा भाताचं पातेलं घेऊन बाहेर आल्या तेव्हा अक्का म्हणाल्या, “रघू कुठाय?” मी म्हणालो, “पडलेत.” अक्कांनी एकदा रिकाम्या खुर्चीकडे, एकदा खिडकीकडे बघितलं. मग भात वाढायला घेतला. काय घडलं ते मी त्यांना सांगितलं नाही. सार कसं झालं होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

फाटकातून बाहेर पडताना मी वर बघितलं. अण्णा गच्चीवर परत आले होते. एकटेच. खुर्चीपाशी उभे राहून त्यांनी तोच ग्लास उचलला, त्या भल्यामोठ्या नाकाजवळ नेला, खाली केला. थांबले. पुन्हा वर नेला.

अण्णांना जाऊन आता वर्ष होईल. नंतरचेही पुष्कळ रविवार मी पाहिले, चांगले पाहिले. तरी डोळे मिटले की मला ते तिथे, तसेच उभे दिसतात. दुसऱ्याच्या नाकावर विश्वास ठेवून आपलं नाक पुन्हा पुन्हा तपासणारा माणूस.

त्या दुपारी परतताना ऑटोत मी मेधालाही यातलं काही सांगितलं नाही. बनशंकरीला घरी पोचलो, दार उघडलं, एक चप्पल काढली, आणि मग मात्र मला राहवेना. मी मेधाला सगळं सांगितलं. अण्णा मिरी येतेय म्हणाले ते, मी नाही म्हणालो ते.

“थांब,” मेधा म्हणाली. “कुठल्या पिशवीला?”

“हिरव्या बटणाच्या. ते मशीन चालू होतं ना, तेव्हा.”

ती माझ्याकडे बघतच राहिली.

“अरे, तेव्हा अक्का खिडकीशी तव्यावर मिरी भाजत होत्या! मुद्दाम भाजत होत्या. दर रविवारी काहीतरी वेगळं घेतात, कॉफी, हिंग, खोबरं, आणि जाळीतून बघत राहतात, रघूची मान वळते का म्हणून. मला शपथ घातली होती, कोणाला सांगू नकोस, त्याला उगाच आशा नको. आज तवा उतरवला तेव्हा नेमक्या आम्ही भाताकडे वळलो होतो, म्हणून त्यांची मान वळलेली दिसली नाही. आणि बाहेर त्यांनी मिरी ओळखली? आणि तू त्यांना नाही म्हणालास?”

“मला खरंच आला नाही वास. माझं नाक ग्लासात होतं.”

“मग ते आता बाहेर काढ,” मेधा म्हणाली, “आणि ती चप्पल परत घाल.”